नको तिथे झिऑन, हवा तिथे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॉलेजला जाणाऱ्या मुलांसाठी संगणक कसा निवडावा, यावर लेख आला होता. बाकी लेखाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यात एक वाक्य असे होते की, पैसे कमी असतील तर वापरलेला सर्व्हर प्रोसेसर (म्हणजे अनेकांचे काम एकदम सांभाळणाऱ्या संगणकातला, झिऑनसारखा) घ्यावा. तो साध्या डेस्कटॉप प्रोसेसरपेक्षा ताकदवानही असतो आणि टिकाऊही, असे कारण दिले होते. त्या वाक्याखाली पेनाने रेघ मारलेली कात्रणे घेऊन पालक आता माझ्या दुकानात येऊ लागलेत. परवा एका गृहस्थांनी कात्रण काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, "ताई, ह्यातलाच द्या, पेपरात आलंय." पेपरात आलेल्याशी वाद घालायचा तर तो पेपरातच घालावा, म्हणून हे पत्र. लांबले आहे. जागेअभावी कापावे लागले तर पतसंस्थांबद्दलचा भाग तेवढा राहू द्या.

मी इचलकरंजीत संगणक जोडून देण्याचे आणि दुरुस्तीचे दुकान चालवते. सायझिंगची (सुताला खळ देणाऱ्या कारखान्यांची) आणि यंत्रमागांची ऑफिसे, फ्लेक्सवाले, क्लासेसवाले, काही पतसंस्था आणि पावसाळ्याच्या तोंडावर कॉलेजची मुले, अशी माझी गिऱ्हाइके. एकाच दिवशी सकाळी मुलाला गेम खेळायला 'सर्व्हरवाला' प्रोसेसर हवा असतो, आणि दुपारी पतसंस्थेचे मॅनेजर फोनवर सांगतात, "आपला सर्व्हर म्हणजे काय, एक साधा पीसी टाका, बजेट नाही." हा उलटा कारभार मी रोज बघते.

आधी तो 'स्वस्त आणि ताकदवान' प्रोसेसर कोणता ते सांगते. या वर्णनाने बाजारात जो सर्वांत जास्त खपतो तो इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४, किंवा त्याचीच थोरली भावंडे. १४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे स्वतंत्र भाग), २८ थ्रेड (एका वेळी हाती घेता येणारी कामे), ३५ एमबी कॅश (चिपमधलीच जलद मेमरी). २०१६ साली तो आला तेव्हा इंटेलच्या यादीतली किंमत होती १७४५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने लाखाच्या वर. मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटर्स चार-पाच वर्षे सर्व्हर चालवतात आणि मग घाऊकपणे मोडीत काढतात. त्यातल्या चिप्स उपटून चीनमध्ये गोळा होतात, तिथे त्यांच्यासाठी 'एक्स९९' नावाने नवे मदरबोर्ड बनतात, आणि ही जोडी मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस असे करत आमच्यापर्यंत येते. चिप दोन-तीन हजारांत मिळते. काचेचे कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे पंखे, वर '१४ कोअर' असा स्टिकर. एके काळची लाखाची वस्तू मोबाइलच्या कव्हरच्या दुकानाशेजारी एवढ्या स्वस्तात मिळतेय म्हटल्यावर मुलाचा जीव अडकणारच. मी अठरा वर्षांची असते तर माझाही अडकला असता.

आता ताकदीचे बघू. आमच्या गावात मागाची भाषा सगळ्यांना कळते, म्हणून मी पालकांना एवढेच विचारते: कोअर म्हणजे माग आणि काम म्हणजे बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) समजा. एका शेडमध्ये १४ जुने, सावकाश चालणारे माग आहेत आणि दुसऱ्या शेडमध्ये सहा नवे वेगवान. तुमच्याकडे भरपूर बीम असतील तर पहिल्या शेडचा विचार करा. पण एकच बीम असेल तर? एक बीम दोन मागांवर चढत नाही. तेरा माग नुसते उभे राहतील आणि चौदावा आपल्या संथ चालीने विणत बसेल. बहुतेक पालकांना यापुढे काही सांगावे लागत नाही.

कॉलेजच्या मुलाचे काम बहुतांशी एका बीमचे असते. ब्राउझर, एक्सेल, प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे, इंजिनीअरिंगला असेल तर ऑटोकॅड. ऑटोकॅडमधले नेहमीचे रेखाटन आजही मुख्यत्वे एकाच कोअरवर चालते. गेमसुद्धा चौदा कोअर भरून वापरत नाहीत. त्यांना मोजके कोअर लागतात, पण ते चपळ लागतात. वर सांगितलेला झिऑन ताणून ताणून ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत (सेकंदाला ३.३ अब्ज ठोके) जातो. २०२२ च्या जानेवारीत आलेला इंटेलचा मधल्या फळीतला आय५-१२४०० हा ४.४ पर्यंत जातो. शिवाय नव्या कोअरची बनावटच अशी की प्रत्येक ठोक्याला तो जुन्यापेक्षा जास्त काम उरकतो. दोन्ही धरून एका कोअरच्या कामात हा आय५ दीडपटीहून बराच पुढे राहतो. आणि गंमत म्हणजे सगळे कोअर एकदम जुंपले तरीसुद्धा त्याचे सहा कोअर त्या चौदांच्या बरोबरीने जातात. म्हणजे जी गोष्ट झिऑनची खासियत म्हणून विकली जाते, तिथेही आता आघाडी उरलेली नाही.

आमच्या भागातला एक फ्लेक्सवाला आहे. लग्नसराई, निवडणूक, वाढदिवस यांच्या दिवसांत त्याच्याकडे रात्री दोन वाजेपर्यंत मशीन चालते. त्याने कुठूनतरी असा १४ कोअरचा संगणक आणला आणि आठवड्याभरात माझ्याकडे घेऊन आला, की कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) मोठी फाइल उघडली की माउस पाण्यात चालल्यासारखा चालतो, रॅम वाढवा. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, ३२ जीबी होती. मी टास्क मॅनेजर उघडून दाखवला: एक कोअर पूर्ण भरलेला, बाकीचे रिकामे. रॅम वाढवून काय होणार होते?

आता त्या लेखात न आलेले खर्च. या ई५ चिपमध्ये ग्राफिक्स नसते. साधा पडदा उजळायलाही वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. आय५-१२४०० मध्ये ते अंगचेच असते (शेवटी 'एफ' असलेला प्रकार घेऊ नका, त्यात नसते, दुकानदार हजार रुपये वाचवून देतो आणि 'एफ' सांगायला विसरतो). मदरबोर्ड दिसायला नवा कोरा, पण त्यावरचा चिपसेट (बाकीच्या भागांची जोडणी सांभाळणारी चिप) अनेकदा जुन्या बोर्डावरून किंवा लॅपटॉपमधून काढून बसवलेला असतो. त्याचे बायोस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) कोणी अद्ययावत करत नाही. स्लीपमधून संगणक उठत नाही, पुढच्या यूएसबीला पेनड्राइव्ह दिसत नाही, असली दुखणी घेऊन मुले येतात आणि त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नसते. 'टिकाऊ' म्हणावे तर चिप टिकते, हे खरे. पण चिप डेस्कटॉपचीही टिकते. मी दुरुस्तीला आलेल्या संगणकांत मेलेला प्रोसेसर क्वचितच पाहते. मरतो तो मदरबोर्ड, मरतो एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), मरते हार्ड डिस्क. झिऑनचा टिकाऊपणा त्याच्या खालच्या स्वस्तातल्या बोर्डाला लागू होत नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट विंडोजची. विंडोज १० चा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची एक सोय) लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. ई५ मालिकेतला एकही प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या त्या यादीत नाही, व्ही४ सुद्धा नाही. "ताई, विंडोज ११ मारून द्या की, सगळे मारतात," असे मुले म्हणतात. मारता येते, अटी चुकवून. पण एखादा मोठा अपडेट येईल तेव्हा तो अडेल की चालेल याची हमी ना मी देऊ शकते, ना तो विकणारा. ज्याला चार वर्षे डिग्री करायची आहे त्याने पहिल्याच दिवशी कंपनीने यादीबाहेर ठेवलेला संगणक का घ्यावा?

आणि वीजबिल. सॉकेट आणि वायर यांच्यामध्ये लावायचा एक छोटा मीटर मिळतो, तो माझ्या टेबलावर कायम असतो. एक्स९९ बोर्डावरचा झिऑन ग्राफिक्स कार्डासह नुसता बसून असताना ७०-८० वॅट खातो, आय५ त्याच अवस्थेत ३० च्या आसपास. घरी दिवसातले काही तास वापरणाऱ्याला हा फरक महिन्याच्या बिलात जाणवणार नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण इन्व्हर्टरवर जाणवतो. आमच्याकडे शुक्रवारी वीज गेली की तेवढ्याच बॅटरीवर एक जण काम सेव्ह करून निवांत बंद करतो आणि दुसऱ्याचा पडदा काळा होतो.

मग हा झिऑन कोणीच घेऊ नये का? घ्यावा की. नेटवर्किंग शिकणारा एक मुलगा माझ्याकडून असा संगणक घेऊन गेला आणि तो खूश आहे. तो एका संगणकात सात-आठ आभासी संगणक चालवतो, त्यावर लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी प्रणाली) टाकतो, मोडतो, पुन्हा टाकतो. त्याला कोअर जास्त हवेत, एकेकट्याचा वेग नको. या बोर्डांवर सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड रॅम चालते, ती डेस्कटॉपच्या रॅमपेक्षा बहुधा स्वस्त पडते, आणि रॅमचे चार मार्ग असल्यामुळे ६४ जीबी, १२८ जीबी सहज भरता येते. डेस्कटॉपला मार्ग दोनच, आणि त्याला रजिस्टर्ड रॅम चालतच नाही. थ्रीडी ॲनिमेशनची फ्रेम रात्रभर प्रोसेसरवर रेंडर करत ठेवणाऱ्यालाही या पैशात हा वाईट नाही. विंडोजचा प्रश्न नेटवर्किंगवाल्याला नसतो, कारण तो बहुधा लिनक्सवर असतो. अशा मुलाला मी स्वतःहून झिऑन सुचवते. फरक एवढाच की त्याला आपल्याला तो का हवा आहे ते सांगता येते.

झिऑन या नावालाच कोणी घाबरू नये, की भुलू नये. हे नाव इंटेलने १९९८ पासून चालवले आहे आणि त्याखाली अगदी वेगवेगळ्या चिजा विकल्या आहेत. ज्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी संगणक जोडले त्यांना झिऑन ई३-१२३१ व्ही३ आठवत असेल. चार कोअर, आठ थ्रेड, साध्या डेस्कटॉप मदरबोर्डात बसायचा, त्या वेळच्या आय७ चीच बहुतेक करामत करायचा आणि ग्राफिक्स नसल्यामुळे त्याहून स्वस्त पडायचा. जाणकार मंडळी तोच घ्यायची. इंटेलच्या हे लक्षात आले असावे, कारण २०१५ मध्ये आलेल्या व्ही५ पासून ई३ ला वेगळा, वर्कस्टेशनचा चिपसेट असलेला बोर्ड सक्तीचा झाला आणि ती पळवाट बुजली. उलट बाजूने, इंटेलची प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीने २०२४ च्या मे महिन्यात एपिक ४००४ नावाने सर्व्हर प्रोसेसर आणले, ते बसतात डेस्कटॉपच्या रायझनच्याच एएम५ सॉकेटमध्ये (बोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेत), आणि आतली बनावट रायझन ७००० चीच आहे. तेव्हा पाटीवर काय लिहिले आहे यावरून 'सर्व्हरवाला' आणि 'घरवाला' असे भाग पाडू नयेत.

मग सर्व्हरच्या प्रोसेसरात खरोखर वेगळे काय असते? मोठ्या एपिकला रॅमचे बारा मार्ग असतात, कार्डे आणि डिस्क जोडायला पीसीआय एक्सप्रेसच्या १२८ लेन (डेटाच्या वाटा) असतात, एका बोर्डावर दोन-दोन प्रोसेसर बसतात. शेकडो आभासी संगणक भाड्याने देणाऱ्यांचे ते काम. इचलकरंजीत त्याची गरज असलेले गिऱ्हाईक मला अजून भेटायचे आहे. पण एक गोष्ट अशी आहे जी इथे प्रत्येक पतसंस्थेला लागते आणि जवळजवळ कोणाकडेच नसते: चूक पकडणारी मेमरी, म्हणजे ईसीसी रॅम.

साधी रॅम एका वेळी ६४ बिट (शून्य किंवा एक असे ६४ आकडे) देते-घेते. ईसीसी रॅम त्या ६४ बरोबर आठ तपासणीचे बिट जास्तीचे बाळगते. त्यामुळे वाचताना एखादा बिट उलटलेला असेल, शून्याचा एक झाला असेल, तर कोणता उलटला हे कळते आणि तो जागच्या जागी सरळ होतो. दोन उलटले तर दुरुस्त होत नाहीत, पण पकडले जातात. आणि महत्त्वाचे म्हणजे याची नोंद राहते. साध्या रॅमला यातले काहीच कळत नाही. तिच्या लेखी चुकलेला आकडा आणि बरोबर आकडा सारखेच.

हे पुस्तकी भय नाही. २००३ साली १८ मे रोजी बेल्जियममध्ये निवडणूक होती. स्खारबेक या ब्रसेल्सच्या भागात मतदान यंत्रांची बेरीज करताना एका उमेदवाराला शक्यच नव्हती एवढी मते दिसली. फेरमोजणीत फरक निघाला बरोबर ४०९६ मतांचा. हा आकडा दोनचा बारावा घात आहे, म्हणजे मेमरीतला एकच बिट उलटला की नेमका एवढा फरक पडतो. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली नाही. बिट आपोआप उलटला असावा, याच निष्कर्षावर तज्ज्ञ आले. तिथे आकडा अशक्य होता म्हणून सापडला. ४०९६ ऐवजी चार मतांचा फरक असता तर?

गूगलच्या डेटा सेंटरमधल्या मेमरीचा टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रॅमच्या पट्ट्यांपैकी आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत वर्षाकाठी निदान एक तरी चूक नोंदली गेली होती. आणि बऱ्याचशा चुका आकाशातून आलेल्या किरणांमुळे झालेल्या नसून खराब होत चाललेल्या पट्ट्यांच्या होत्या. गूगलला हे मोजता आले, कारण त्यांच्याकडे ईसीसी होती. आपल्या टेबलाखालच्या संगणकात तेच घडत असेल तर मोजणार कोण?

आमच्या पंचक्रोशीतल्या एका पतसंस्थेत मोजणारे कोणी नव्हते. नाव सांगणार नाही. 'सर्व्हर' म्हणून मॅनेजरांच्या टेबलाखाली एक साधा डेस्कटॉप, त्यावर कचऱ्याची बादली टेकवलेली. ठेवी, कर्जे, पिग्मी, सगळा हिशेब त्यावर. काही दिवस डे-एंड (दिवसअखेरचा हिशेब) घेताना प्रोग्रॅम मध्येच बंद पडू लागला. कधी एखाद्या खात्याच्या व्याजाचा आकडा भलताच यायचा, पुन्हा काढला की बरोबर यायचा. सॉफ्टवेअरवाले म्हणाले व्हायरस असेल. व्हायरस नव्हता. कोणी म्हणाले व्होल्टेज कमी-जास्त होते. स्टॅबिलायझर आला, फरक पडला नाही. मला बोलावले तेव्हा मी रात्रभर मेमरी तपासणीचा प्रोग्रॅम लावून ठेवला आणि सकाळी पडदा चुकांच्या लाल ओळींनी भरलेला होता. दोनपैकी एक पट्टी गेली होती, एकदम नाही, हळूहळू. पट्टी बदलली आणि त्रास थांबला. पण मधल्या काळात किती आकडे चुकीचे लिहिले गेले? रोजचा बॅकअप होता की, असे मॅनेजर म्हणाले. होता, आणि त्याने चुकलेले आकडे इमानेइतबारे उतरवून घेतले होते. पिग्मी एजंटांची कागदी पुस्तके मागवून, खाती एकेक करून ताळा घ्यावा लागला. ज्या कर्मचारी बाईंनी ते काम केले त्यांचा चेहरा आठवला की मला अजून चेअरमनसाहेबांचा राग येतो, कारण त्याच वर्षी संस्थेत नवी काचेची केबिन झाली होती.

या संस्थेला १४ कोअर नको होते. चार-सहा कोअर रग्गड. हव्या होत्या त्या ईसीसी रॅमच्या दोन पट्ट्या आणि त्या चालवणारा प्रोसेसर व बोर्ड. असा सर्व्हर काही विमानाने आणावा लागत नाही. इंटेलच्या झिऑन ई-२४०० मालिकेतला चार किंवा सहा कोअरचा प्रोसेसर, नाहीतर मघाशी सांगितलेला एपिक ४००४. नामांकित कंपन्यांचे टॉवरसारखे उभे, फारसा आवाज न करणारे छोटे सर्व्हर अशा प्रोसेसरांवरच येतात. डेटा सेंटरमधून निघालेला रॅकमध्ये बसणारा चपटा सर्व्हर मात्र स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. त्याचे पंखे असे ओरडतात की शेजारच्या टेबलावर बसून ग्राहकाशी बोलता येत नाही. आणि तो दिवसरात्र चालणार, हे लक्षात घ्या. नुसता १०० वॅटचा जास्तीचा भार वर्षभर चोवीस तास धरला तर ८७६ युनिट होतात. व्यापारी दराने त्याचे किती होतात ते संस्थेच्या अकाउंटंटने काढावे.

डेस्कटॉप प्रोसेसरवर ईसीसी मिळतच नाही असेही नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून काही कोअर प्रोसेसर डब्ल्यू६८० चिपसेटच्या बोर्डावर ईसीसी चालवतात. एएमडीच्या बऱ्याच रायझनना बोर्डाची साथ असेल तर ती चालते. पण प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तिघांचे जुळले पाहिजे, आणि 'चालेल बहुतेक' हे उत्तर घरच्या संगणकाला ठीक, लोकांच्या ठेवींना नाही. इंटेलने ही सोय वर्षानुवर्षे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांना नाकारली, म्हणून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२१ च्या जानेवारीत त्या कंपनीवर जाहीर तोंडसुख घेतले होते. मी त्यांच्याच बाजूची आहे. आणखी एक. हल्ली विक्रेते सांगतात, "मॅडम, डीडीआर५ मध्ये ईसीसी आतच असते." डीडीआर५, म्हणजे रॅमची नवी पिढी, तिच्या चिपच्या पोटात एक तपासणी असते, खरे आहे. पण चिपमधून निघून प्रोसेसरपर्यंत जाण्याच्या वाटेत काही बिघडले तर ती काही करत नाही, आणि झालेल्या चुकांची नोंद तुमच्यापर्यंत पोचवत नाही. ती तपासणी वेगळी आणि खरी ईसीसी वेगळी.

ईसीसी म्हणजे सर्व काही, असेही माझे म्हणणे नाही. पैसे थोडे असतील तर आधी चांगला यूपीएस, मग एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या दोन डिस्क, मग संस्थेच्या इमारतीबाहेर जाणारा बॅकअप आणि तो खरोखर उघडतो का याची महिन्यातून एकदा चाचणी. पंचगंगेला २०१९ मध्ये पाणी आले तेव्हा सर्व्हर आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटात असून उपयोग नसतो, हे या भागात सगळ्यांना कळले. हे झाले की पुढचा पैसा ईसीसीला. कोअरच्या संख्येला अगदी शेवटी.

पण कोटेशने मागवताना नेमके उलटे होते. 'झिऑन प्रोसेसर' एवढे दोन शब्द मागच्या वेळच्या कागदावरून उतरवून घेतात. तीन कोटेशने येतात, त्यातली दोन कधीकधी एकाच प्रिंटरवर छापलेली दिसतात, आणि सर्वांत कमी किमतीच्या कोटेशनमध्ये नव्या कॅबिनेटात २०१२ चा ई५ बसवून दिला जातो. कागदावर सगळे बरोबर. झिऑन मागितला, झिऑन दिला. म्हणून माझी संचालक मंडळांना विनंती आहे की कोटेशनमध्ये प्रोसेसरचा पूर्ण नमुना क्रमांक मागा. ई५ मालिकेत शेवटच्या 'व्ही' वरून वय कळते: व्ही नसेल तर २०१२, व्ही२ असेल तर २०१३, व्ही३ म्हणजे २०१४, व्ही४ म्हणजे २०१६. पहिल्या दोघांना डीडीआर३ रॅम लागते, तीही आता जुन्यातच मिळते. इंटेलच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की चिप कोणत्या वर्षाची, ईसीसी चालते की नाही, दोन्ही दिसते. रॅम आली की पट्टी हातात घेऊन बघा. डीडीआर४ च्या साध्या पट्टीवर एका बाजूला बहुधा आठ काळ्या चौकटी असतात, ईसीसीच्या पट्टीवर नऊ. त्यासाठी इंजिनीअर लागत नाही.

आणि यातली गंमत बघा. मुलांच्या गेमिंग संगणकांत बसलेल्या त्या जुन्या ई५ ना ईसीसी चालते. म्हणजे ज्याच्याकडे गेमच्या सेव्ह फाइलपलीकडे काही नाही, त्याच्या घरी चूक पकडणारा प्रोसेसर, आणि जिथे गावाच्या ठेवी आहेत तिथे काही नाही.

संपादक महोदय, आपले प्रवेश-पुरवणीचे काम लवकरच सुरू होईल आणि अकरावी-डिग्रीच्या याद्या लागल्या की पालक संगणक घ्यायला बाहेर पडतील. त्याआधी आपण त्या लेखाला एक दुरुस्ती छापावी. फार नको. ई५ मालिकेचे झिऑन मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या यादीत नाहीत, त्यांना ग्राफिक्स कार्ड वेगळे घ्यावे लागते आणि रोजच्या कामात नवा सहा कोअरचा, जमत नसेल तर चार कोअरचा आय३-१२१०० सुद्धा त्यांच्यापेक्षा चपळ आहे, एवढे चौकटीत आले तरी पुरे. लेख जिथे आला होता त्याच पानावर आली तर बरे, कारण माझ्या काउंटरवर येतात ती कात्रणे त्याच पानाची आहेत.

आपली नम्र,
एक संगणक दुकानदार, इचलकरंजी
(नाव-पत्ता आपल्याकडे आहे, कृपया छापू नये.)